काचेवर छापलेले बटण आणि त्याचे नाव

१/
टचस्क्रीनच्या काचेवर एक पातळ फिल्म चिकटवलेली असते आणि तिच्या कडेला घराचे छोटे चित्र छापलेले असते. त्यावर बोट टेकले की यंत्र मुख्य पानावर परतते. त्या चित्राखाली स्प्रिंग नसते, वेगळी वायर नसते, दाबले जाणारे काहीच नसते. मग त्या जागेला काय म्हणावे? बटण, आभासी बटण की पडद्याचा तुकडा? लिनक्स कर्नलच्या विकासकांनी २०२३ पासून या प्रश्नावर बराच खल केला. हा थ्रेड त्या नामकरणाविषयी आहे.

२/
इतिहासाच्या वाचकाला याचे काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु जुन्या कागदपत्रांत ‘परगणा’, ‘मौजे’, ‘कसबा’ यांपैकी कोणता शब्द वापरला आहे यावरून अभ्यासक त्या काळची व्यवस्था वाचतो. यंत्रांच्या वर्णनातील शब्दांनाही हेच लागू आहे. एकदा रूढ झालेले नाव तिथे सहसा पुसता येत नाही. म्हणून नाव देताना त्या वस्तूचा आजचा उपयोग पाहू नये, वस्तू प्रत्यक्षात काय आहे ते पाहावे. या प्रकरणात लिनक्सने अखेर तोच मार्ग धरला आणि तो योग्य होता, असे या थ्रेडचे प्रतिपादन आहे.

३/
आरंभ १९९६ पासून करावा लागतो. त्या वर्षी अमेरिकेत ‘पाम पायलट’ हे हातात मावणारे यंत्र बाजारात आले. त्याचा पडदा १६० बाय १६० बिंदूंचा होता; पण स्पर्श ओळखणारा थर पडद्याच्या खालीही पसरलेला होता. त्या खालच्या पट्टीत ‘ग्राफिटी’ पद्धतीने अक्षरे लिहिण्याची जागा होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार चित्रे छापलेली होती: अनुप्रयोग, मेनू, गणकयंत्र आणि शोध. पेनाच्या टोकाने चित्राला स्पर्श केला की ते काम सुरू होई. स्पर्शाचा थर एकच, पण त्याचा एक भाग पडद्याचा आणि दुसरा छापील बटणांचा, ही मांडणी तेव्हापासूनची आहे.

४/
पामसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे त्या पट्टीला ‘सिल्कस्क्रीन’ म्हणत. जाळीच्या कापडातून शाई उतरवण्याच्या छपाई-तंत्राचे हे नाव. म्हणजे जागेचे नाव तिच्या कामावरून पडले नाही, ती कशी तयार झाली त्यावरून पडले. पुढे २००२ मध्ये सोनीने आपल्या ‘क्लिए’ मालिकेत छापील पट्टीच्या जागी खराखुरा पडदाच बसवला. शाई गेली, जाळीही गेली. पण त्या भागाचे नियंत्रण करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावात ‘सिल्क’ तेवढे राहिले. वाडा पडून त्या जागी इमारत उभी राहावी आणि पत्त्यात वाड्याचेच नाव चालू राहावे, तसा हा प्रकार.

५/
दुसरा टप्पा अँड्रॉइड फोनचा. २०१० च्या जानेवारीत आलेल्या ‘नेक्सस वन’वर पडद्याच्या खाली चार खुणा होत्या: मागे, मेनू, मुख्य पान आणि शोध. अशा खुणांची माहिती देण्यासाठी अँड्रॉइडने एक फाइल ठरवली आणि तिला ‘व्हर्च्युअल कीज’, म्हणजे आभासी कळा, असे नाव दिले. प्रत्येक कळीसाठी तीत क्रमाने आकडे येत: कळीचा क्रमांक, तिच्या मध्यबिंदूची दोन स्थाने, रुंदी आणि उंची. अँड्रॉइडच्या दस्तऐवजातील नमुन्यात पडदा ८०० बिंदू उंच आहे आणि कळांचे मध्यबिंदू ८३५ वर आहेत. कळा पडद्याबाहेर आहेत, हे त्या एका आकड्यातूनच कळते.

६/
ही माहिती ठेवली कोठे जाई, हा प्रश्न नावाइतकाच महत्त्वाचा होता. त्या काळी प्रत्येक फोनच्या सर्किट बोर्डसाठी कर्नलमध्ये सी भाषेतील एक स्वतंत्र फाइल असे आणि आकडे तिच्यातच लिहिलेले असत. फोन बदलला की फाइल बदलली. त्या फाइली बहुधा निर्मात्याच्या स्वतःच्या कर्नलपुरत्या राहत आणि मूळ लिनक्समध्ये पोचत नसत. त्या फोनचा काळ संपला तसे हे आकडेही विस्मरणात गेले. छापील खुणा काचेवर उरल्या; त्यांचा अर्थ सांगणारा कागद मात्र गहाळ झाला.

७/
या गहाळ होण्यावरचा उपाय मुळात निराळ्याच जगात जन्मला होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सने आपल्या ‘स्पार्कस्टेशन’ संगणकांत असे फर्मवेअर वापरले, की जे संगणकात कोणकोणते भाग आहेत याचे झाडासारखे वर्णन कार्यप्रणालीच्या हाती देई. १९९४ मध्ये त्याचे ‘आयईईई १२७५’ हे मानक झाले. पॉवरपीसी संगणकांसाठी २००५ च्या सुमारास लिनक्समध्ये या झाडाचे सुटसुटीत, सपाट रूप आले. ‘डिव्हाइस ट्री’ ती हीच.

८/
एआरएम चिपवर चालणाऱ्या यंत्रांची संख्या वाढली तसा बोर्डागणिक फाइलींचा ढीग कर्नलमध्ये साचत गेला. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड आणि तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमची यंत्रेही डिव्हाइस ट्रीकडे वळली. हार्डवेअरचे वर्णन प्रोग्रामबाहेर काढून वेगळ्या मजकुरात लिहायचे आणि कर्नलने ते वाचून स्वतःला जुळवून घ्यायचे, अशी ही विभागणी.

९/
महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना जमिनीच्या खरेदीखतावरून चटकन समजेल. खतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस अमक्याचे शेत. त्या जमिनीत पुढच्या वर्षी ऊस लावावा की ज्वारी, हे खत सांगत नाही. डिव्हाइस ट्रीचे काम असेच चतुःसीमा लिहिण्याचे आहे. यंत्रात काय आहे आणि कोठे आहे, एवढे तिने सांगावे. त्याचे काय करायचे ते सॉफ्टवेअरने ठरवावे. नामकरणाचे बहुतेक वाद ही रेषा ओलांडली जाते की काय, या शंकेतून उद्भवतात.

१०/
या वर्णनात प्रत्येक गोष्टीला ‘गुणधर्म’ म्हणून एक नाव असते आणि त्या नावांना शिस्त आहे. मानकानुसार नाव ३१ वर्णांपेक्षा मोठे नसावे. सर्वमान्य नसलेल्या गुणधर्माच्या आधी तो ज्याचा आहे त्याचा उपसर्ग आणि स्वल्पविराम द्यावा. सर्वांत कडक अट मात्र काळाची आहे. यंत्रासोबत दिलेले जुने वर्णन नव्या कर्नलवरही चालले पाहिजे. वर्णन कधीकधी यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत कोरलेले असते आणि ते यंत्र कोणत्या कारखान्यात, किती वर्षे चालू राहील, हे कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे स्वीकारलेले नाव हे वचन ठरते.

११/
या वचनाची किंमत एका चुकीने दाखवून दिली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका चिपमधील टचस्क्रीनसाठी एक गुणधर्म ठरला. स्पर्शाचे स्थान किती वेळा वाचायचे, हे तो सांगतो. नावात ‘कोऑर्डिनेट’ हा शब्द हवा होता. लिहिताना दोन रोमन अक्षरांची अदलाबदल झाली आणि ‘कोऑर्डिअन्ट’सारखे काहीतरी छापले गेले. चूक लक्षात येईपर्यंत ते नाव वापरात आले होते. मग ड्रायव्हर आधी शुद्ध नाव शोधू लागला, ते न सापडल्यास अशुद्ध नाव शोधू लागला आणि शुद्ध नाव वापरावे, अशी सूचना छापू लागला. शिलालेखातील टाकीची चूक दुरुस्त होत नाही. शेजारी नवा लेख कोरावा लागतो.

१२/
एकसारखेपणाचा प्रयत्नही याच काळात झाला. आधी ‘पडद्याची रुंदी’ ही साधी गोष्ट सांगायला वेगवेगळ्या ड्रायव्हरांची वेगवेगळी नावे होती. २०१४ मध्ये टचस्क्रीनसाठी सामाईक गुणधर्म ठरले: आडव्या दिशेचा आकार, उभ्या दिशेचा आकार, दिशा उलटी आहे का, दोन अक्ष परस्परांत बदललेले आहेत का. त्यांची नावे ‘टचस्क्रीन’ या शब्दाने सुरू होतात. संपूर्ण पडद्याचे वर्णन त्यामुळे मार्गी लागले. पडद्याच्या भागांचे काय, हा प्रश्न मात्र राहिला.

१३/
२०२३ मध्ये तो पुढे आला. काही यंत्रांत टचस्क्रीनवर चौकटीसारखी फिल्म बसवलेली असते. ती मूळ स्पर्शक्षेत्राचा काही भाग झाकते आणि झाकलेल्या भागावर बटणे छापलेली असतात. उघड्या भागातील स्पर्श पडद्याचा, छापील चौकोनातील स्पर्श बटणाचा आणि उरलेल्या भागातील स्पर्श दुर्लक्षित, असे वर्णन करायचे होते. सुरुवातीच्या मसुद्यांत त्यासाठी ‘व्हर्च्युअल’ हा शब्द होता: आभासी टचस्क्रीन, आभासी बटणे. अँड्रॉइडच्या परंपरेतून पाहिले तर तो सहज सुचणाराच होता.

१४/
तरी तो शब्द चुकीचा होता. ‘आभासी’ म्हटले की ते बटण सॉफ्टवेअरने निर्माण केले आहे, उद्या दुसरे सॉफ्टवेअर ते दुसरीकडे हलवू शकेल, असा अर्थ होतो. फोनच्या पडद्यावर उमटणारे ‘मागे’ हे चिन्ह तसे असते. फिल्मवर शाईने छापलेले घर मात्र कोणत्याही अद्यतनाने जागचे हलत नाही. दाबले जाणारे काही नसल्यामुळे बोटाला ते बटण आभासी वाटेल. वर्णन लिहिणाऱ्याला ते काचेइतकेच खरे आहे. जी वस्तू खरीच आहे तिला हार्डवेअरच्या दस्तऐवजात आभासी म्हणणे, म्हणजे दगडी बुरुजाची नोंद ‘कल्पित वास्तू’ अशी करणे होय.

१५/
पुढच्या मसुद्यांत ‘ओव्हरले’ म्हणजे आच्छादन हा शब्द आला. हा शब्द वस्तूकडे बोट दाखवतो: काचेवर काहीतरी घातलेले आहे. अडचण एवढीच, की डिव्हाइस ट्रीच्या जगात ‘ओव्हरले’ला आधीच एक अर्थ होता. मूळ वर्णनावर नंतर चढवायच्या जोड-वर्णनालाही ओव्हरलेच म्हणतात आणि २०१५ पासून ती सोय लिनक्समध्ये आहे. बीगलबोन किंवा रास्पबेरी पाय हाताळणाऱ्यांच्या तर ती रोजच्या वापरातली. एकाच दस्तऐवजात ‘पाटील’ हे एकदा आडनाव आणि एकदा अधिकारपद म्हणून यावे, तसा गोंधळ यातून संभवत होता.

१६/
अंतिम रूप ‘टच-ओव्हरले’ असे ठरले. स्पर्शाशी जोडल्यामुळे आच्छादन कशाचे, हे स्पष्ट झाले. त्याच्या पोटात येणाऱ्या प्रत्येक भागाला ‘सेगमेंट’, म्हणजे खंड, हे नाव मिळाले. प्रत्येक खंडाला चार आकडे असतात: आडवा आरंभ, उभा आरंभ, आडवा आकार, उभा आकार. खंडाला कळीचा क्रमांक दिला तर ते बटण. न दिला तर ते पडद्याचे खरे स्पर्शक्षेत्र. २०२५ च्या आरंभी ही रचना मूळ लिनक्समध्ये दाखल झाली.

१७/
या निवडीतील शहाणपण बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘बटण’ आणि ‘टचस्क्रीन’ अशा दोन जाती आधीच ठरवल्या असत्या, तर पुढे तिसरी वस्तू आल्यावर तिसरे नाव शोधावे लागले असते. ‘खंड’ हा शब्द कोणताही उपयोग गृहीत धरत नाही. समजा, ४८० बाय ८०० बिंदूंच्या स्पर्शक्षेत्रातील वरचे ७०० बिंदू उघडे आहेत आणि खालच्या १०० बिंदूंवर छापील पट्टी आहे. वर एक खंड, खाली हवे तितके खंड. शब्द तोच राहतो; कळीचा क्रमांक असणे वा नसणे एवढ्यावर भेद ठरतो. सर्वे नंबरचे पोटहिस्से पाडताना प्रत्येक हिश्श्याला विहीर किंवा गोठा असे नाव देत नाहीत, हिस्साच म्हणतात.

१८/
मोजणीचा बिंदूही बदलला. अँड्रॉइडच्या फाइलमध्ये कळीचा मध्य दिला जाई. नव्या रचनेत कोपरा, म्हणजे आरंभ, दिला जातो. फरक क्षुल्लक वाटतो, पण दृष्टी वेगळी आहे. मध्य हा नेम धरणाऱ्या बोटाचा बिंदू. कोपरा हा मोजणी करणाऱ्याचा. पडद्याच्या खंडासाठी तर आरंभबिंदूला दुसरेही काम असते. तिथूनच नवे शून्य मानून पुढचे सर्व स्पर्श मोजले जातात. बटण आणि पडदा या दोघांना एकाच भाषेत मांडायचे तर कोपऱ्याला पर्याय नव्हता.

१९/
कळीचा क्रमांक ज्या गुणधर्मात लिहायचा त्याचे नाव मात्र ‘लिनक्स,कोड’ आहे. वर्णन हार्डवेअरचे आणि क्रमांक एका कार्यप्रणालीचा, ही विसंगती नजरेआड करता येणार नाही. तरी तिच्यातही प्रामाणिकपणा आहे. शाईचे घर ‘मुख्य पान’ दर्शवते, हा अर्थ काचेत नसतो, तो संकेताने येतो. आणि संकेत कोणाचा, हे उपसर्ग सांगतो. शिवाय त्या संकेताचा स्वतःचा इतिहास आहे. लिनक्समध्ये ‘ए’ या कळीचा क्रमांक ३० आहे, कारण १९८१ च्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड त्या कळीसाठी ३० हाच आकडा पाठवत असे. म्हणजे २०२५ च्या दस्तऐवजात १९८१ चा थर शाबूत आहे.

२०/
रचना निर्दोष आहे, असे नाही. २०१४ च्या गुणधर्मांत आकाराचे नाव ‘टचस्क्रीन-साइज-एक्स’ असे आहे. नव्या खंडात ते ‘एक्स-साइज’ झाले. अक्षाचे अक्षर तिथे शेवटी आणि इथे आधी. दोन्ही नावे एकाच दस्तऐवजात, काही ओळींच्या अंतराने नांदतात. उद्या एखादा नवखा त्यांत गोंधळला तर दोष त्याचा नसेल. हा क्रम एकसारखा ठेवणे तेव्हा शक्य होते. एकदा वचन दिल्यावर आता ते सोपे नाही. नामकरणातील घाई आणि तडजोड अशाच ठिकाणी कायमची उमटते.

२१/
यावर नेहमीचा प्रतिवाद असा, की नाव काहीही असो, यंत्र चालल्याशी मतलब. यंत्र नवे असेपर्यंत हे खरे आहे. परंतु तपासणीच्या उपकरणाचा किंवा कारखान्यातील नियंत्रण-पटलाचा पडदा पंधरा वर्षेही वापरात राहू शकतो. तेवढ्या काळात मूळ अभियंते निघून जातात, कधी कंपनीही बंद पडते. मग फिल्म बदलायची, नवे कर्नल चढवायचे किंवा ते यंत्र भंगारात जाण्यापासून वाचवायचे, तर हाती उरते ते फक्त लिखित वर्णन. त्यात ‘आभासी’ लिहिले असेल तर वाचणारा ती बटणे सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसेल. ‘आच्छादन’ लिहिले असेल तर तो काचेकडे पाहील.

२२/
ही कल्पनेतील भीती नव्हे. २०१७ पासून ‘पोस्टमार्केटओएस’सारखे प्रकल्प निर्मात्यांनी सोडून दिलेल्या फोनवर मूळ लिनक्स चालवण्याचा प्रयत्न करत आहेत. त्यासाठी प्रत्येक फोनचे वर्णन नव्याने लिहावे लागते. जुन्या, अर्धवट प्रकाशित कर्नलमधील नावे आणि आकडे यांचा अर्थ लावत बसणे, हे त्यातील मोठे काम. दफ्तरातील फाटक्या कागदावरून गावाची शीव ठरवणाऱ्या संशोधकाहून त्या स्वयंसेवकाचे काम फारसे वेगळे नाही.

२३/
विसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या दैनंदिन जीवनाचा इतिहास उद्या लिहिला जाईल, तेव्हा त्याच्या साधनांत असे मजकूरही असतील. माणसे काचेला बोट लावून काय करत होती, कोणती खूण कोठे छापत होती, हे त्यांतून कळेल. पाम पायलटचे ‘सिल्कस्क्रीन’ आजही उलगडते, कारण ते शाईच्या जाळीवरून पडलेले नाव आहे. ‘टच-ओव्हरले’ आणि ‘सेगमेंट’ ही नावे कोरडी आहेत, पण काचेवर जे आहे तेच सांगतात. पन्नास वर्षांनी संग्रहालयातील एखादा पडदा उजळणार नाही. त्यावरच्या घराच्या चित्राशी त्याच्या वर्णनातील चार आकडे तेव्हाही ताडून पाहता येतील.

(थ्रेड समाप्त)